चौथा थर

शिंपीणबाईंनी तिसऱ्या थराचा शेवटचा टाका ब्लेडनं कापला आणि अस्तराच्या आतून कापूस ओढून काढला, तेवढ्यात दारावरची घंटी वाजली. हातातलं जाकीट त्यांनी शाळेच्या गणवेशांच्या ढिगाखाली सारलं, कापूस पायानं मशीनखाली लोटला आणि चष्मा कपाळावर चढवून मान वर केली.

तिघंजण आत आले. पुढं टक्कल पडलेला पोस्टमन, त्याच्या मागं पांढऱ्या केसांची पोनीटेल बांधलेला बसचा ड्रायव्हर, आणि सगळ्यांत शेवटी बेकरीत काम करणारी एक बाई. तिच्या कोपरांना अजून पीठ होतं. तिघांच्याही अंगात सारखाच काळा टीशर्ट, छातीवर एकच चेहरा, धुऊन धुऊन विटलेला.

त्या चेहऱ्याचा माणूस मंगळवारी पहाटे गेला होता. तीस वर्षं तो गिटार गळ्यात अडकवून गायला, ओरडला, लोकांना नाचवलं, रडवलं. त्याची माणसं त्याला पठ्ठ्या म्हणायची. बातमी आली तेव्हा ड्रायव्हरनं भरली बस कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवलं होतं. दहा मिनिटं बस तशीच उभी होती, म्हणे.

पोस्टमन खुर्चीच्या कडेवर बसला आणि टोपी हातात फिरवत कामाचं सांगू लागला. रविवारी संध्याकाळी मैदानावर सगळे जमणार होते. मंचावर भाषणं नकोत, फोटो नको, असं ठरलं होतं. नुसता माईकचा स्टँड ठेवायचा आणि त्यावर त्याचं तांब्याच्या बटणांचं जाकीट. त्याच्या बहिणीनं घरातली कपाटं उपसली, जाकीट सापडलं नाही. तिनंच त्यांना इकडं पाठवलं होतं.

"माझ्याकडं नाही," बाई म्हणाल्या. "नेलं त्यानं."

खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी खडूचा तुकडा उचलला, परत ठेवला.

"मग तसंच दुसरं शिवाल का, मावशी?" पोस्टमननं विचारलं. "माप असेलच तुमच्याकडं."

मापांची वही खणातच होती. बाईंनी ती उघडली आणि मागची पानं अंगठ्याखाली दाबून धरली. जुन्या पानावरचं माप त्यांनी वाचून दाखवलं. छाती बेचाळीस.

दाबलेल्या पानांवर काय होतं ते जगात दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातला एक आता नव्हता. चार वर्षांपूर्वी आरशासमोर त्याच्या छातीभोवती टेप टाकली, तर चाळीस भरली. आपलंच चुकलं असं वाटून बाईंनी पुन्हा मोजलं.

"कितीही मोजा मावशी, मी आता एवढाच आहे," तो हसत म्हणाला होता.

मग आरशातूनच त्यानं सांगितलं, की छातीत काहीतरी आहे आणि ते माझ्याआधी थकणारं नाही. जाकीट मात्र बाहेरून बेचाळीसचंच दिसू द्या. पुढच्या रांगेत माझी पोरं असतात. ती घाबरतील. कुणाला कळता कामा नये.

बाईंनी मशीनच्या चाकावर हात ठेवून शब्द दिला. त्याचं गाणं त्यांना कधी सोसलं नव्हतं. गातोस की भांडतोस, असं त्यांनी त्याला तोंडावर विचारलं होतं. पण जाकिटाच्या अस्तरामागं, माप घटेल तसा, एकेक थर त्यांनी जिवापाड नेटका बसवला. पहिला लाल दोऱ्यानं, दुसरा निळ्या, तिसरा पिवळ्या. चाळीस, अडतीस, साडेछत्तीस. तीन आठवड्यांपूर्वी साडेचौतीसवर आल्यावर तो चौथ्या थरासाठी जाकीट ठेवून गेला, तो गेलाच. आता जाकीट कुणाच्या तरी हाती पडायच्या आत सगळा कापूस काढून टाकायचा आणि शब्द पाळायचा, एवढंच त्यांच्या हातात उरलं होतं.

बेकरीवाली गणवेशांच्या ढिगाशेजारी स्टुलावर बसली होती. ढिगाखालून एक बाही बाहेर आली होती, तिच्यावर तांब्याचं बटण. बेकरीवालीनं ते पाहिलं. तिनं सोबतच्या दोघांकडं नजर टाकली आणि हळूच, पाळण्याबाहेर आलेला हात आत सारावा तशी, बाही ढिगाखाली सारली.

बाईंनी ते बघितलं. त्यांच्या हातातली वही मिटली.

"मावशी," बेकरीवाली म्हणाली. तिचा आवाज कायमचा बसलेला होता. "त्याच्या गाण्यातली ती लांब, एका दमाची ओळ चार वर्षांपूर्वी पहिल्यांदा मध्येच तुटली. आम्ही समोरच होतो."

पोस्टमन जमिनीकडं बघू लागला.

त्या दिवशी तिघंही एकमेकांशी न बोलता घरी गेले होते. पण पुढच्या कार्यक्रमाआधी पोस्टमननं ओळखीच्या सगळ्यांना कार्डं टाकली. ती ओळ आली की पहिल्या शब्दापासून सगळ्यांनी म्हणायची, घसा फुटेस्तोवर म्हणायची. कारण लिहिलं नाही. एकानंही विचारलं नाही. तेव्हापासून दर वेळी ती ओळ आली की मैदान उसळायचं. तो माईक लोकांकडं धरायचा, पाठ फिरवायचा आणि श्वास गोळा करायचा.

"त्याला वाटायचं, आम्हाला जोर चढलाय," ड्रायव्हर म्हणाला. "वाटू दिलं."

"आणि जाकीट?" बाईंनी विचारलं.

"माणूस वाळला की आधी मान दिसते, मावशी," बेकरीवाली म्हणाली. "मानेला कापूस कुठून लावणार तुम्ही?"

बाई उठल्या, गणवेश बाजूला केले आणि जाकीट काढून मेजावर ठेवलं. अस्तर उसवलेलं, आत दोनच थर. पोस्टमननं ते दोन्ही खांद्यांना धरून उचललं, तशी छाती आत गेली. त्यानं ते घाईघाईनं खाली ठेवलं, जणू उघड्या अंगाच्या माणसाच्या खोलीत चुकून शिरला होता.

"असं नाही न्यायचं," बेकरीवाली म्हणाली. "त्याला हवं होतं तसं करून द्या."

मशीनखालचा कापूस पोस्टमननं गुडघ्यावर बसून गोळा केला, फुंकून साफ केला. कणकेला सरावलेल्या हातांनी बेकरीवालीनं कापसाच्या पापुद्र्यांसारख्या एकसमान घड्या बसवल्या. सुईत पिवळा दोरा ओवायचं काम ड्रायव्हरकडं आलं. हात लांब धरून, जवळ आणून, एक डोळा मिटून त्यानं पाच वेळा नेम चुकवला.

"बस कशी चालवतोस रे?" पोस्टमननं विचारलं.

"रस्ता रुंद असतो."

तिसरा थर बसला. बाई अस्तर मिटायला लागल्या आणि थांबल्या. मेजाच्या कोपऱ्यात वर्तमानपत्राखाली कापसाचा आणखी एक तुकडा होता, तीन आठवड्यांपूर्वी खडूनं आखून बेतलेला. त्यांनी तो दोन्ही हातांत घेऊन पुढं केला.

"हा राहिला होता."

त्याला कुठला दोरा लावायचा हे त्यांनी ठरवलंच नव्हतं. बेकरीवालीनं रिळांच्या डब्यातून पांढरं रीळ उचललं. चौघांनी मिळून चार कडा धरल्या आणि बाईंनी एकेक टाका घातला, कार्यक्रम आजच असल्यासारखा घट्ट.

जाकीट हँगरला लावून त्यांनी आरशासमोर टांगलं. छाती भरून आली होती. मोठा श्वास आत ओढून घेतलेला, आणि अजून सोडलेला नाही, असं ते दिसत होतं. बाईंनी एक बटण हातरुमालानं पुसलं.

"ती ओळ कशी आहे?" त्यांनी पाठमोऱ्याच विचारलं.

बेकरीवालीनं ती नुसती सांगितली, सूर न लावता. दार लावून घेऊ नकोस, मी वाटेत आहे अजून, डोंगर उतरून, नदी ओलांडून, वाटेत आहे अजून.

बाई ती पुटपुटल्या, शब्द चाचपत. सत्तरीच्या छातीला ती एका दमात झेपेना. नदीपाशी त्यांचा श्वास संपला.

पुढचं तिघांनी म्हटलं.