बिटाचा रस

सर्व संतांच्या सणाला ऑस्ट्रियात टिरोलमधल्या एका खेड्यात अख्खं गाव कबरींवर दिवे लावायला जमतं. म्हातारे डॉक्टर फ्योग्ल मात्र परक्यांच्या कबरींपाशी थांबत, आपल्याच रोग्यांच्या. ऑपरेशन करू नका, नुसत्या बिटाच्या रसावर राहा, म्हणजे कॅन्सर उपाशी मरेल, असं ते वर्षानुवर्षं छाती ठोकून सांगत आले होते. मेली ती माणसंच. कोर्टाने त्यांच्या दवाखान्याला कुलूप लावलं, पण तोवर त्यांचा स्वतःचाही त्या रसावर विश्वास उरला नव्हता.

यंदा त्यांतल्याच एका रोग्याच्या, लोरेन्झच्या कबरीपाशी त्याची बायको नॉटबुर्गा दिवा सारखा करत होती. डॉक्टरांना बघून ती लगबगीने पुढे आली आणि हळूच म्हणाली, "डॉक्टरसाहेब, आता माझ्याही छातीत गाठ आलीये."

"उद्याच्या उद्या हॉस्पिटल गाठ, नॉटबुर्गा! माझा रस म्हणजे निव्वळ थोतांड होतं गं. त्याच्या नादी लागूनच तुझा लोरेन्झ गेला."

तिने मायेने त्यांचा हात हातात घेतला. "कळतं हो मला. कोर्टाने बोलायला लावलंय तुम्हाला हे. पण माझ्यापुढे कशाला नाटक?"

"अगं, देवाशपथ खरं सांगतोय!"

"हॉस्पिटलवाले नुसती भीती घालतात, हे तुम्हीच तर शिकवलंत आम्हाला," असं म्हणून ती मनापासून हसली. दिव्याच्या उजेडात तिचे दात बिटाच्या रसाने लालभडक दिसत होते.