ढेपेवरची पिल्लं

पौर्णिमाच्या शेडमधली कोंबडीची पिल्लं एकमेकांना खायला लागली होती.

सुरुवात शेपटीपासून झाली. तीन आठवड्यांची पिल्लं, अंगावर धड पिसं नाहीत, आणि एखाद्याच्या शेपटीवर रक्ताचा ठिपका दिसला की बाकीची सगळी त्याच्यावर तुटून पडत. एका सकाळी तिने दार उघडलं तर पाण्याच्या भांड्यापाशी एक पिल्लू मरून पडलं होतं. त्याचं मागचं अंग उरलंच नव्हतं. शेजारी बाकीची निवांत दाणे टिपत होती, आणि तिला त्याचीच जास्त भीती वाटली.

हिंगणी गावात कुणाला कळता कामा नये, हा तिचा पहिला विचार. ती लहान असताना मावशीच्या गावात कोंबड्यांवर रोग आला होता. सरकारी माणसं आली आणि घरोघरच्या धडधाकट कोंबड्याही पोत्यांत भरून खड्ड्यात गाडून गेली. पोत्यांची ती हालचाल पौर्णिमा विसरली नव्हती. आता जनावरांच्या डॉक्टरने इथे रोग म्हटलं, तर तिची पिल्लं जातीलच, शेजारच्या सुमित्राबाईंच्या कोंबड्याही जातील. मग त्या बाईच्या तोंडाला कोण लागणार?

"अशक्त झाले ते," सासू मीराबाई म्हणाल्या. "ढेप वाढव. आपली म्हैस ढेपेवरच उठली ना?"

आमच्याकडच्या लोकांचा ढेपेवर भारी भरवसा. शेंगदाण्याचं तेल काढून उरलेली ढेप म्हणजे ताकद, मग समोर म्हैस असो की मुठीएवढं पिल्लू. पौर्णिमा कनकीत, म्हणजे तांदळाच्या चुरीत, ढेप मिसळतच होती, आता ओंजळीने टाकू लागली. पिल्लं खात आणि पुन्हा एकमेकांच्या अंगावर जात. ढेप वाढत गेली तशी त्यांची अंगं आणखी उघडी पडत गेली. मेलेली पिल्लं ती ओढणीआड लपवून नाल्यापलीकडे पुरून येई आणि वाटेत सुमित्राबाई दिसल्या की उगाच हसे. जीव नुसता टांगणीला लागला होता.

शेवटी तिच्या नवऱ्याने, अश्विनने, तिला न विचारताच जनावरांच्या डॉक्टरला फोन केला. डॉक्टर रत्नदीप मोटारसायकलवरून उतरले, तेव्हा मागे बांधलेलं पोतं तिला आधी दिसलं, माणूस नंतर.

"त्या पोत्यात काय हाये, साहेब?"

"तांदूळ. घरचे. काऊन?"

डॉक्टर शेडमध्ये उकिडवे बसले. एक पिल्लू उचललं, त्याचे डोळे पाहिले, चोच उघडून पाहिली, उघड्या पाठीवरून बोट फिरवलं. आता रोग म्हणतील, आता म्हणतील, असं तिला वाटत राहिलं.

"खायला काय देता?"

"कनकी आन् ढेप. मी तं रोज वाढवून राह्यली, जी."

"रोग नाई हा, ताई."

तिने दाराची चौकट धरली.

"प्रोटीन म्हणजे एकच चीज नसते," डॉक्टर म्हणाले. "त्यात लय प्रकारचे तुकडे असते. पीस यायले एक खास तुकडा लागते. ढेपेत बाकीचे भरपूर, तोच कमी. तुम्ही ढेप वाढवली, तं बाकीचे वाढले, आन् त्यांच्या जोडीनं त्या एकाची गरजबी वाढली. तो भेटत नाई. मंग पिल्लू त्याले दुसऱ्याच्या पिसात शोधते."

"म्हणजे मी जेवढं खाऊ घातलं..."

"तेवढे ते उपाशी राह्यले. ढेप बंद करा, पिल्लांचा तयार दाणा आणा. जखमी आहे ते वेगळे ठेवा." त्यांनी जवळजवळ रिकाम्या शेडकडे पाहिलं. "पण पह्यलं पिल्लू मेलं तवाच काऊन नाई बोलावलं? सारे वाचले असते."

पौर्णिमाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"रोगापेक्षा तुमचंच भेव वाटलं, साहेब."

डॉक्टरांच्या हातातलं पिल्लू त्यांच्या बोटाला टोचत होतं, आणि त्यांनी त्याला टोचू दिलं.