आस्तुरियासचा नकाशा

मी एक जुना, कापडावर रंगवलेला नकाशा आहे. मित्रांनो, माझ्यावर तुमचा बुलढाणा जिल्हा नाही. माझ्यावर आस्तुरियास आहे. हजाराहून जास्त वर्षांपूर्वी स्पेनच्या उत्तर भागात, डोंगरांत उभं राहिलेलं ते एक छोटं ख्रिस्ती राज्य. ते डोंगर मी कधी पाहिले नाहीत, तरी मला त्यांची फार ओढ आहे.

दुसरबीडहून आत, नदीकाठच्या एका गावात माझा जन्म झाला. महाराष्ट्र राज्य होऊन नुकतीच दोन-तीन वर्षं झाली होती. तिथल्या शाळेत मार्तंड गुरुजी इतिहास शिकवत. कॉलेजात असताना त्यांनी या राज्याची हकिगत वाचली होती, आणि ती त्यांच्या मनातून जात नव्हती. छापील नकाशा कुठे मिळेना. मग त्यांनी मांजरपाट आणलं, रंगाची पूड डिंकाच्या पाण्यात कालवली आणि दिवाळीच्या सुट्टीत मला रंगवलं. मुलं माझ्याभोवती गर्दी करत, तेव्हा मला फार बरं वाटे.

पुढे नदीवर धरण झालं. गाव पाण्याखाली जाणार होतं. घरं एकेक करून टेकाडावरच्या नव्या जागेत गेली. शाळाही पत्र्याच्या शेडमध्ये गेली. खाली राहिल्या एकट्या गोजरबाई. त्यांची तान्ही लेक नदीकाठच्या बाभळीखाली पुरलेली होती. "तिले एकटी टाकून मी कशी जाऊ?" एवढंच त्या म्हणत. त्यांचा मुलगा तुळशीराम विनवून थकला. पाणी चढू लागलं होतं.

एका दुपारी गुरुजी मला खांद्यावर टाकून खाली उतरले आणि गोजरबाईंच्या ओट्यावर त्यांनी मला उलगडलं.

"हे कोनतं गाव व्हय, मास्तर?"

"लांबचं आहे, गोजरबाई. तिथलं जुनं राज्य लढाईत बुडालं. मग थोडी माणसं या डोंगरांत चढली. पेलायो नावाच्या सरदाराला त्यांनी पुढारी केलं. इथे एका गुहेपाशी लढून ते टिकले, असं सांगतात. नवं राज्य सुरू झालं ते तिथून."

"आन् ते खाली वापस आले का?"

"त्यांना नाही येता आलं. पुढे नातवंडं-पतवंडं उतरली."

"आमचे नातू काई उतरनार नाईत. इथं तं पानीच राहीन."

गोजरबाई माझ्यावर वाकल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "ज्यायची लेकरं खाली पुरेल होती, त्यायनं काय केलं, मास्तर?"

"पुस्तकात ते लिहिलेलं नाही."

"थे लिहाले पाह्यजे व्हतं."

गुरुजींनी खिशातून पेन्सिल काढली. माझ्या डोंगरांच्या पायथ्याशी, नदीच्या वळणावर त्यांनी एक लहानशी बाभूळ काढली. गोजरबाईंनी तिच्यावर बोट ठेवलं. "हाव," त्या म्हणाल्या, "इथंच."

दुसऱ्या दिवशी त्या तुळशीरामाबरोबर टेकाडावर आल्या.

त्यानंतर दर वर्षी नदी भरली, की गोजरबाई शाळेत येत. गुरुजी मला भिंतीला टांगत. त्या बाभळीवरून बोट फिरवत, थोडा वेळ बसत आणि निघून जात. मित्रांनो, पुष्कळांनी माझे रंग वाखाणले, पण त्या बोटासारखा स्पर्श मला कुणाचाच झाला नाही.

मग गुरुजींची बदली खामगावला झाली. जाताना त्यांनी मला नीट गुंडाळून कपाटावर ठेवलं. नवे गुरुजी आले, छापील नकाशे आले. माझ्यावर धूळ बसली. उंदरांनी माझा समुद्रकिनारा कुरतडला.

गुरुजी गेले त्या वर्षीही नदी भरल्यावर गोजरबाई आल्या. आता त्या काठी टेकत चालत होत्या.

"थो डोंगराचा नकाशा पाह्याचा व्हता, मास्तर."

नव्या गुरुजींनी टेबलाचा खण उघडून पाहिला. "नाही बाई, तसा काही इथे दिसत नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. काठीचा आवाज ओसरीवरून दूर गेला. मी तिथेच होतो, त्यांच्या डोक्याच्या जरा वर. मला हाक मारता आली नाही. पुढच्या वर्षी नदी भरली, पण त्या आल्या नाहीत.

मित्रांनो, मला नवे रंग नकोत, काचेची चौकटही नको. फक्त तुमच्या शाळेत कुणी म्हातारं माणूस काही जुनं शोधत आलं, तर त्याला लगेच नाही म्हणू नका. एकदा कपाटावर हात घालून बघा.