हरणाक्काचं विरजण

"भुईवर टेकवायचं न्हाई, लीला. आन परत देशील तवा हातातनं हातात द्यायचं. माझ्या हातात. मीच नसले तर माझ्या बनाच्या. तिसऱ्या कुणाच्या न्हाई. ध्यानात ऱ्हाऊ दे."

गेल्या येळवशीला, मार्गशीर्ष अमावास्येच्या शेतातल्या सणाला, हरणाक्का हे बोलली होती ती बांधाआड, पदर तोंडाशी धरून. नवऱ्याच्या कानावर जाऊ नये म्हणून. लीलाबाई तेव्हा म्हणाली होती, "अक्का, सणासुदीचं मरणाचं कशाला काढताय?" आणि मातीचं लोटकं दोन्ही हातांत घेतलं होतं.

लोटक्यात विरजण होतं. हरणाक्काच्या सासूच्या सासूपासून चालत आलेलं. ह्या घरात येळवशीच्या आंबलीला दुसरं विरजण लागलेलं देवाला चालत नसे. पण त्या साली जत भागात पाऊसच झाला नाही. गाय चारा-छावणीत गेली, मेंढरं घेऊन दीर तिकडे कोकणात उतरला, चहाला दूध नाही तिथं विरजणाला कुठलं? लीलाबाईचं घर चाकावर. आज कराड, उद्या इस्लामपूर, परवा सांगली. कृष्णाकाठाला अजून थोडं दूध होतं. म्हणून हरणाक्कानं ते तिच्या हवाली केलं. "जितं ठेव," एवढंच म्हणाली.

लीलाबाईनं ते व्रतासारखं सांभाळलं. तिचे यजमान नाथाजी लष्करात ड्रायव्हर होते. पेन्शनीवर आले तेव्हा भावांच्या घरात भावांची पोरंबाळं मावेनात, ह्या दोघांना मूल नाही, मग नाथाजींनी लिलावात एक जुनी लष्करी ॲम्ब्युलन्स घेतली आणि तिच्यातच संसार मांडला. जत्रा-बाजार धरून स्टोव्ह आणि गॅसबत्त्या दुरुस्त करायच्या, रात्री देवळाशेजारी गाडी लावून निजायचं. पत्र्यावरचा लाल क्रॉस दोनदा रंग देऊन झाकला, तरी उन्हात तो खालून उमटायचाच. गावोगावची पोरं ओरडायची, "दवाखाना आला, पळा, सुया टोचतील!"

सलाइनची बाटली टांगायचा जो आकडा आत होता, त्याला लीलाबाईनं लोटकं टांगलं. पहाटे आंघोळ, मग देवापुढे दिवा, मग विरजण. दुसरं दूध मिळालं नाही त्या सोमवारी उपासाचं कपभर दूध तिनं ओठाला लावलं नाही, लोटक्यात घातलं. वाळव्याच्या एका दारात बाई म्हणाली होती, "चमचाभर दूध मागती, आन गाडी केवढी!" लीलाबाई हसली आणि चमचाभर घेऊन निघाली. त्या वर्षी सारा मुलूख रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी आणि दुष्काळी कामावरच्या सुकडीवर जगत होता. विरजण मात्र एक दिवस मोडलं नाही.

आणि आता पाऊस झाला होता. जोंधळा छातीला लागला होता. येळवशीच्या दिवशी गाडी हरणाक्काच्या नवऱ्याच्या, कोंडीबाच्या शेताकडे वळली तेव्हा लीलाबाई मागे बसून लोटकं हातानं धरून होती.

"आकड्याला हाय की ते," नाथाजी म्हणाले.

"असू दे. वड्यात गाडी आदळती."

"ह्याच वड्यानं तर दोस्ती जुळवली." सात-आठ वर्षांमागं गाडी इथंच रुतली होती. कोंडीबानं बैल जुंपून ती बाहेर काढली आणि दोघांना येळवशीला जेवायला बसवलं. तेव्हापासून एक साल चुकलं नव्हतं.

शेतात कडब्याची कोप घातली होती. आत चुना लावलेले पाच दगड, पाच पांडव, त्यांच्यापुढे हळदकुंकू. कोंडीबा बांधावर उभा होता. वर्षात माणूस निम्मा झालेला दिसला. फेटा तेवढा मोठा वाटत होता.

"आला का, गड्या? लय येळ लावला."

"गाडी म्हातारी झाली रं, माझ्यासारखी. वैनी कुठायत?"

लीलाबाई लोटकं घेऊन उतरत होती. तिनंही कोपेकडे पाहिलं. आत कोंडीबाची विधवा भावजय, दगडाबाई, भांडी मांडत होती. ती मान वर करेना.

"हरणा व्हय?" कोंडीबा म्हणाला. मग फेटा सारखा करत, "बनाकडं गेलीया."

लीलाबाईनं आनंदानं लोटकं कपाळाला लावलं. बना म्हणजे कोंडीबाची एकुलती लेक. दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली आणि तिथल्या एका परजातीच्या पोराशी तिनं लग्न लावलं. त्या दिवसापासून ह्या घरात तिचं नाव काढायची बंदी होती. आणि आज बाप आपल्या तोंडानं बनाचं नाव घेत होता!

"माझ्या देवा," ती म्हणाली. "भावजी, लय चांगलं केलंत. लय चांगलं."

कोंडीबा जोंधळ्याकडे बघत राहिला. "बसा. पानं वाढल्याती."

लीलाबाईनं लोटकं परत गाडीत नेऊन आकड्याला अडकवलं. अक्का आली की तिच्या हातात द्यायचं.

बाजरीचे उंडे होते, पालेभाज्या आणि शेंगांच्या दाण्यांची दाट भज्जी होती, वर तेलाची धार. लीलाबाईनं सातारचे पेढे पांडवांपुढे ठेवले. दगडाबाईनं वाडग्यात आंबील ओतली. लीलाबाईनं एक घोट घेतला. आंबटपणा ताकाचा नव्हता, चिंचेच्या कोळाचा होता. तिला वाटलं, बरोबरच आहे, विरजण तर माझ्यापाशी.

"दगडाबाई, रागावू नगा हं," ती हसत म्हणाली, "उद्या अक्का आल्यावर खरी आंबील पिऊ."

दगडाबाईच्या हातातला डाव वाडग्यावर वाजला.

"वाढ की, वैनी," कोंडीबा दरडावून म्हणाला. "पावण्याला इचारायचं नसतं."

नाथाजी पोटभर जेवले. "ह्या भज्जीसाठी मी सांगलीस्नं पेट्रोल जाळत येतो," म्हणाले. लीलाबाईही दोन घास जास्त जेवली, बनाच्या नावानं. तिच्या मनात चाललं होतं ते एवढंच, की मायलेकी आत्ता कशा बसल्या असतील, आणि हरणाक्का तिथं तरी पोटभर जेवली असेल का.

हात धुऊन झाले. सुपारी कातरून झाली. मग कोंडीबानं फेटा काढून मांडीवर ठेवला.

"आता ऐका. वाढल्या पानावर वाईट सांगू ने, म्हणून गप ऱ्हायलो. सांगितलं असतं तर तुमी उपाशी उठला असता, आन सणाला दारचा पावणा उपाशी उठू ने." त्यानं सुपारी थुंकली. "हरणा गेली. वैशाखात. खडीवर ऊन लागलं, मग ढाळ-वांती लागली. तीन दिस. तुमाला कळवायचं तर तुमचा पत्ता काय? चाकावरल्या घराला कसला पत्ता!"

नाथाजी उठून उभे राहिले आणि परत बसले. लीलाबाईनं तोंडाशी नेलेली सुपारी खाली ठेवली. गेलेल्या माणसाच्या घरी ती दोन घास जास्त जेवली होती.

"मग... बनाकडं म्हनालात ते?"

"तोंडाला आलं ते बोललो." कोंडीबानं फेटा मांडीवर उलगडला. "तिनं तीन दिस तेवढंच लावलं हुतं. मला बनाकडं न्या. तिची खाट हितंच वस्तीवर हुती, तिला हितनं तलावाचा भराव दिसायचा, बना तिथंच ऱ्हाती, दोन कोसावर. कूस बदलून दिली तरी तोंड फिरवून तिकडंच बघायची."

"नेलं न्हाई?"

दगडाबाईच बोलली, डोळ्यांना पदर लावून. "पोरगी आली हुती, वैनी. कुणी सांगितलं देव जाणे. आई जाऊन घटका झाली नव्हती. त्या बांधावर उभी ऱ्हायली. ह्यांनी धोंडा उचलला."

"मारला न्हाई," कोंडीबा म्हणाला.

"उचलला की."

जोंधळ्यात पाखरं भरारत होती. हाकारायला कुणी उठलं नाही.

मग कोंडीबा म्हणाला, "हरणाचं विरजण जितं हाय का?"

"हाय."

"ते तिथं पांडवांपुढं ठेवा. न्हाई तर वड्यात ओता. गाय छावणीतच मेली. घरात ना बाई, ना दूध. कशाला पायजे आता?"

"भुईवर ठेवायचं न्हाई ते," लीलाबाई हळू आवाजात म्हणाली. "अक्कानं सांगितलंय."

"मग तुमीच ठेवा. तुमच्यापाशी तर जगलं."

तेही करता आलं असतं. वर्षभरात लोटकं तिच्या अंगवळणी पडलं होतं; पहाटे दिव्यानंतर हात आपोआप तिकडे जायचा. पण दिलेला शब्द सोयीचा तेवढाच पाळायचा असता तर ती सोमवारी दूध प्याली असती.

ती गाडीकडे गेली. नाथाजी मागोमाग आले.

"कुठं निघालीस ते कळतंय मला," ते दबक्या आवाजात म्हणाले. "गाडी न्यायची न्हाई मी. आत्ताच त्याच्या पानावर जेवलोय. त्याच्या घरचा मामला हाय. दोस्ती तुटंल, लीला. पुन्यांदा ह्या शेतात पाय ठेवता याचा न्हाई."

"गाडी नगंच. गाडीत हिसके बसत्यात."

"आन त्यो धोंडा उचलील तुझ्यावर?"

"उचलू दे."

तिनं आकड्यावरून लोटकं काढलं. वरचं फडकं सोडून पाहिलं. दही घट्ट बसलेलं होतं, कडेला पाणीसुद्धा सुटलं नव्हतं. फडकं परत बांधलं. चपला गाडीखाली होत्या, त्या घालायला लोटकं खाली ठेवावं लागलं असतं. तिनं ते तसंच हातात धरलं आणि अनवाणीच बांधावर आली.

कोंडीबानं मान वर करून पाहिलं. ती कुठल्या बाजूला वळते ते त्याला दिसलं. त्याचा हात भुईवर टेकलेला होता, ढेकळांत. तो हात हलतो का, हे बघायला लीलाबाई थांबली नाही.

मागून नाथाजींची हाक आली नाही. गाडीचं दार मात्र लागलं नव्हतं. ते वाऱ्यानं कुरकुरत होतं.

दूर, बना राहत होती तिथला तलावाचा लाल मातीचा भराव दिसत होता. दही हिंदकळू नये म्हणून ती पावलं हळू टाकत होती, दोन्ही हातांत लोटकं छातीशी धरून, तोंडानं देवाचं रोजचं नाव घेत.