व्हर्लिनला बोलतं करणं

आमच्या दवाखान्यात कोणाचं डोकं का गरगरतं ते डॉ. मार्गिट ठरवते, आणि विमा कंपनी त्याचे पैसे देणार की नाही ते मी. कित्येक वर्षं बिलं करतेय. माझ्याशी वाद घालायचा असेल त्याने आधी नीट जेवून यावं.

तोलाच्या तपासणीत दोन्ही कानांत आळीपाळीने गरम आणि गार हवा सोडतात. कान शाबूत असेल तर घेरी येते आणि काळ्या चष्म्याआडचे डोळे नाचायला लागतात; चष्म्यातला कॅमेरा ते पडद्यावर दाखवतो. पण माणूस गप्प पडून राहिला तर डोळे थंडावतात, आणि धडधाकट कान मेलेला दिसतो. म्हणून त्याला सतत बोलतं ठेवायचं, आणि कशाने ठेवलं ते नोंदीत लिहायचं. ती ओळ नसेल तर मी बिल पुढे सरकवत नाही, समोर कोणीही असो.

व्हर्लिन कुचेरा नेब्रास्काभर पाण्याच्या टाक्या रंगवतो. दोराला लटकून टाकीवर गावाचं नाव लिहायचं, हे त्याचं आयुष्य. वसंतात चर्चमध्ये त्याला चक्कर आली, आणि दुसऱ्या एका दवाखान्याने दोन्ही कान निकामी ठरवले. मालक म्हणाला, फेरतपासणीत तेच आलं तर वर चढणं कायमचं बंद. विमा कंपनी म्हणाली, फेरतपासणीला पैसे नाहीत.

मी जुना अहवाल मागवला आणि कंपनीच्या डॉक्टरला फोन लावला.

"तपासणी झालीय, बाई."

"झालेली नाही. त्याला बोलतं ठेवल्याची एक ओळ दाखवा, मी फोन ठेवते."

तो कागद चाळत राहिला. मी तेवढ्यात कोलाच नावाचा जर्दाळू भरलेला गोड पाव संपवला.

"ठीक आहे," तो शेवटी म्हणाला. "पण ती ओळ तुमच्या नोंदीत हवी."

"काळजी करू नका, सगळं दिसेल."

तपासणीच्या दिवशी व्हर्लिनबरोबर त्याची बायको अर्लिस आली. तो आत गेला तशी ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"लव्होन, खरं सांगू? कान मेलेलेच निघू देत. लग्न झाल्यापासून मान वर करून टाक्यांकडे बघत जगतेय मी. आता त्याला जमिनीवर बघायचंय."

मी तिच्यासाठी आत एक खुर्ची ठेवायला सांगितली.

नोंद घ्यायला मी आत बसले. अर्लिस कोपऱ्यात, पर्स मांडीवर. मार्गिटने उजव्या कानात गरम हवा सोडली.

"व्हर्लिन, अ पासून गावांची नावं सांगा."

"अल्बियन."

"पुढे?"

"हं."

"बरं, यंदा फुटबॉलचं काय?"

"बघू."

पडद्यावर डोळे जागच्या जागी. एक फेरी फुकट गेली. मार्गिट घामेजली. मी अर्लिसकडे बघितलं. ती पर्सच्या कडीकडे बघत होती. मार्गिटने थोडं थांबून पुन्हा हवा सोडली.

"वेल्डनची टाकी," अर्लिस एकदम म्हणाली, "तू वाकडी लिहिलीस."

"काय?"

"शेवटचं अक्षर उतरणीला लागलंय. अख्खं गाव हसतं."

"वाकडं? तिथे पत्र्याला पोचा आहे! मी त्यांना सांगितलं होतं, आधी पोचा काढा, मग मी..."

"पोच्याचं नाव नको सांगूस. हात थरथरला तुझा."

"माझा हात? अगं, वारा सुटला होता, तरी मी रेघ तीनदा मापली!"

पडद्यावर डोळे नुसते धावत होते. मार्गिटने मला अंगठा दाखवला. गरम झालं, गार झालं, दुसरा कान झाला. अर्लिसने त्याला श्वास घेऊ दिला नाही. रंग भडक, शिडी चुकीची लावलेली, सगळं काढलं. बोलताना तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, पण आवाज तसाच खणखणीत. चष्म्याआडून त्याला काही दिसत नव्हतं.

दोन्ही कान ठणठणीत निघाले. चक्कर साधीच होती, कानातले कण सरकल्याची. मार्गिटने त्याची मान ठरावीक बाजूंना वळवून ती तिथेच घालवली.

व्हर्लिन गाडी काढायला गेला. फुकट गेलेली फेरी बिलात न धरता मी नोंद पुरी करायला घेतली.

"अर्लिस, बोलतं कशाने ठेवलं, काय लिहू?"

"लिही, बायको म्हणाली वेल्डनचं अक्षर वाकडं आहे." ती कोट चढवत दाराशी थांबली. "सरळ आहे ते. दर रविवारी तिकडून जाताना गाडी थांबवून बघते मी."