मधलं वर्ष

पडताळणीला आलेल्या गृहस्थांनी खुर्ची उजेडाकडे ओढली, चष्मा पुसला आणि घरातली सगळी माणसं जमेपर्यंत तोंड उघडायचं नाही असं ठरवल्यासारखे गप्प बसून राहिले. ताई सगळ्यांत शेवटी आली. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमधून अर्ध्या दिवसाची रजा काढून ती धावतपळत पोचली होती. नखांत गुलाबी मेण तसंच होतं. आई पलंगाच्या कडेला बसली होती. छोटी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. शिष्यवृत्ती तिची, परदेशी जायचं तिला, आणि चेहरा असा की जणू कुणी तिला शिक्षा सुनावायला आलंय.

गृहस्थ भले होते. काळजीचं काही कारण नाही, ते म्हणाले, नाव यादीत वरच आहे, घरी येऊन दोन गोष्टी विचारायच्या म्हणून आलो. मुलाखतीत सांगितलेलं खोटं निघालं तर मात्र शिष्यवृत्ती रद्द होते आणि पुन्हा कधी अर्ज करता येत नाही. हे वाक्य त्यांनी अनेक घरांत म्हटलेलं असावं, कारण ते म्हणता म्हणता ते पंख्याकडे बघत होते.

ताई निर्धास्त होती. मुलाखतीची तालीम तिनेच तर करून घेतली होती. ही शिष्यवृत्ती मुळात तिच्या डोक्यातली. पण अर्ज करण्याइतकी मोकळी झाली तेव्हा तिचं वय उलटून गेलं होतं, मग तिने सगळा जीव छोटीत घातला. रोज संध्याकाळी ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर समितीसारखा आंबट चेहरा करून बसायची आणि छोटीला उलटेसुलटे प्रश्न विचारायची. छोटीचं पाठांतर पहिल्यापासून पक्कं. एकदा ताईने सांगितलं की झालं, स्वल्पविरामासकट बाहेर. गाडी अडायची ती एकाच ठिकाणी. मधलं एक वर्ष कुठे गेलं?

त्या वर्षी बाबा शेवटच्या दुखण्यात अंथरुणाला खिळले होते. घरात अभ्यास व्हायचा नाही म्हणून छोटीला मावशीकडे पाठवलं होतं, आणि तिथे मोकळं रान मिळाल्यावर ती सपशेल नापास झाली होती. हे सांगताना तिची जीभ जड व्हायची. सरळ सांग, ताई म्हणायची, नापास होणं म्हणजे काही चोरी नव्हे. शेवटी एका संध्याकाळी तिने छोटीला स्टुलावर बसवलं आणि स्वतः समोर उभी राहिली. माझंही वर्ष गेलंय, बघ मी कसं सांगितलं असतं.

आणि तिने सांगितलं. तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगता सांगता तिचाच आवाज कापायला लागला, छोटीचेही डोळे भरून आले. आपल्या बहिणीला आपल्यासाठी रडू आलं, या समाधानात ताईला त्या रात्री शांत झोप लागली होती.

"धाकट्या बाईंची मुलाखत फार छान झाली," गृहस्थ आईला सांगत होते. "मधल्या वर्षाचं विचारलं, तर म्हणाल्या, वडिलांना अर्धांगवायू झाला होता, मीच सगळं केलं. कुशीवर वळवायचं, अंग पुसायचं. दाढी करताना ते लहान मुलासारखे गाल फुगवायचे म्हणे. आणि परीक्षेच्या दिवशी त्यांना एकटं ठेवून कॉलेजच्या फाटकापर्यंत गेल्या आणि तिथूनच परत फिरल्या. समितीतल्या बाईंना अक्षरशः रडू आलं हो."

ते फाटक आईलासुद्धा माहीत नव्हतं.

ताईने छोटीकडे पाहिलं. छोटी पायाच्या अंगठ्याने फरशी कोरत होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पाणी आणते, असं काहीसं पुटपुटून ताई आत गेली. पाठोपाठ आई आली.

"तुला माहीत होतं?" ताईने विचारलं.

"परवा सांगितलं तिने. खूप रडली. म्हणे, समोर पाच माणसं बघून घाबरले, आणि तोंडाला पाठ असलेलं तेच आलं. एकदा सुरू झाल्यावर थांबता येईना."

"आई, ते माझं होतं."

आईने माठातून पेला भरला, बाहेरून पुसला. "घरातलंच आहे ना गं ते. तुझं काय, तिचं काय. आणि तुला आता त्याचा उपयोग तरी काय?"

आई वाईट मनाने बोलली नव्हती, तेच तर वाईट होतं. तिने आयुष्यभर असंच केलं होतं. मोठीचे कपडे धाकटीला, धाकटीची दुखणी मोठीला. पेला ताईने आईच्या हातातून घेतला आणि ती बाहेर आली.

गृहस्थ पाणी प्यायले. मग अगदी सहज, उठता उठता विचारावं तसं त्यांनी विचारलं, "एकच राहिलं. मोठ्या तुम्ही. मग वडिलांपाशी धाकटी कशी राहिली? तुम्ही कुठे होतात?"

छोटीने पहिल्यांदाच मान वर केली. तिच्या डोळ्यांत विनवणी होती आणि ताईला त्या विनवणीचाच संताप आला. एका वाक्याचं काम होतं. ते बोललं की बाबांच्या त्या सगळ्या दुपारी, ते फुगवलेले गाल, ते फाटक, सगळं जागच्या जागी परत आलं असतं. आणि छोटीही या खोलीत परत आली असती, कायमची. मग दोघींनी एकमेकींची तोंडं बघत इथेच म्हातारं व्हायचं.

"मी मावशीकडे होते," ताई म्हणाली. "शिकायला."

"अस्सं. मग पदवी कशात?"

"नाही झाली. नापास झाले."

छोटीच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला. तो खोकला आहे असं समजून गृहस्थांनी दुर्लक्ष केलं. त्यांचं समाधान झालं होतं. कागद पिशवीत घालून ते उठले, आईला नमस्कार केला, छोटीला परदेशात थंडी फार असते, जपून राहा, म्हणून सांगितलं. दाराशी आल्यावर ते ताईपाशी थांबले. तिची मान खाली होती. त्यांना बहुधा तिची कीव आली असावी, आवाज उतरवून ते म्हणाले,

"मनाला लावून घेऊ नका. शिक्षण सगळ्यांनाच झेपतं असं नाही. फक्त एक लक्षात ठेवा, वडिलांचं तुमच्या वाटचंही हिनेच केलं. तेवढं विसरू नका."

"नाही विसरणार," ताई म्हणाली, आणि त्यांचा रिकामा पेला उचलायला वळली.