दोन माणसांची जागा

माहुलीच्या पुलाजवळ प्रमोदिनी म्हणाली, "मला तुम्हाला एक सांगायचंय," आणि नेमक्या त्याच वेळी समोरून उसाच्या बैलगाड्यांची रांग आली. एक बैल बुजला आणि त्यानं मोटारीच्या बॉनेटवर मान टेकली. गाडीवानानं अनंताच्या वाडवडिलांचा उद्धार केला. अनंतानं बैलाला गोंजारल्यासारखं केलं; ते बैलाला आवडलं नाही. सगळं मार्गी लागेस्तोवर दिवेलागण झाली.

"काय सांगणार होतीस?"

"राहू दे आता. घाईत सांगण्यासारखं नाही. पुढच्या रविवारी सांगेन."

अनंत गुळवणी, वकील, मंगळवार पेठ, सातारा, हे वाक्य घेऊन घरी आला आणि ते त्याला कुठंच उतरवून ठेवता येईना. सोमवारी कोर्टात त्यानं एका साक्षीदाराला विचारलं, "घाईत सांगण्यासारखं नाही म्हणजे नक्की काय?" साक्षीदार तसं काही बोललाच नव्हता. न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला.

तिला काय सांगायचं असेल? मागल्या महिन्यात जिना चढताना तिनं कमरेवर हात ठेवला होता. म्हणजे दुखणं. तिच्या वाईच्या भावानं पुन्हा एखादा धंदा काढला असेल. किंवा तिला या घरात राहायचंच नसेल. ही शेवटची शंका त्याला पहाटे येई आणि उजाडेपर्यंत तिचे पुरावेही गोळा झालेले असत.

मग घरी विचारायचं सोडून रविवारची वाट कशाला पाहायची, असं ज्याला वाटेल तो एकत्र कुटुंबात राहिलेला नाही. गुळवण्यांच्या घरात अकरा माणसं होती. वडीलधाऱ्यांसमोर नवराबायकोनं बोलू नये असा नियम कोणी केलेला नव्हता. आजवर कोणी बोललं नव्हतं, इतकंच. प्रमोदिनीला काही कळवायचं असलं तर ती भिंतीला कळवी. "पाणी तापलंय," असं ती भिंतीला सांगायची आणि अनंत आंघोळीला उठायचा. रात्री खोली होती, पण खोलीला एका बाजूनं फळ्यांची भिंत होती आणि फळ्यांपलीकडे मनुआत्या होती. अनंताच्या वडिलांची, विष्णुपंतांची, ही बहीण विधवा होऊन आली तेव्हापासून तिला झोप नव्हती आणि कान मात्र उत्तम होते. एकदा अनंत झोपेत काहीतरी पुटपुटला, तर सकाळी आत्यानं चहाच्या वेळी त्याचं उत्तर दिलं होतं.

राहता राहिली मोटार. तशा घरात मोटारी दोन होत्या. एक मॉरिस. ती रोजची, म्हणजे कोर्टाची, दवाखान्याची, स्टेशनची आणि लग्नामुंजीची. तिच्यात चार माणसं बसतात असं कारखान्याचं मत होतं आणि सात बसतात असं घरचं. दुसरी, लाल रंगाची, उघडी, दोन माणसांची. एका लहानशा संस्थानाचा कारभार आटोपला तेव्हा अनंतानं ती घेतली होती. सातारकर तिला होडी म्हणत. तिला मागं जागाच नव्हती, त्यामुळे तिच्यात 'आलोच आहे तर बसतो' म्हणणारा माणूस बसू शकत नसे. लग्नाच्या वरातीलाही ती कोणी मागितली नाही; नवरा-नवरी बसली तर चालवणार कोण? दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता अनंत आणि प्रमोदिनी त्या होडीतून कोरेगाव रस्त्यानं जाऊन येत. नऊ वर्षांचा त्यांचा संसार असा रस्त्यावर झाला होता.

बुधवारी जेवताना विष्णुपंतांनी, म्हणजे नानांनी, जाहीर केलं, "दोन्ही मोटारी काढायच्या. एक मोठी घ्यायची."

अनंतानं मीठ समजून चटणी भातात कालवली.

"सांगलीच्या आप्पासोंकडे अमेरिकन गाडी आहे. आठ सिलिंडर. नऊ माणसं आरामात बसतात. औंधला यमाईला जाताना आपली दरवेळी काय शोभा होते? गेल्या नवरात्रात नारळ पहिल्या खेपेला गेला आणि भटजी दुसऱ्या खेपेला. नैवेद्य निवला. एक घर, एक चूल, एक मोटार. काय अनंता?"

गुळवण्यांच्या घरात वडिलांना 'नाही' म्हणायची सोय नव्हती. "बघू," असं म्हणता येत असे, पण तेही फक्त वडिलांनीच.

"तुम्ही म्हणाल तसं, नाना," अनंत म्हणाला.

"आप्पासोंचा मुलगा तुझ्या होडीवर जीव टाकून आहे. ती आधी त्यांना देऊन टाकू. रविवारी आपण दोघं तिच्यातूनच सांगलीला जाऊ आणि मोठीतून परत येऊ."

रविवारी. अनंतानं मान वर केली. प्रमोदिनी वरण वाढत होती. तिनं वाढलेल्या वरणावर पुन्हा वरण वाढलं आणि पुढच्या पानाकडे गेली.

त्या संध्याकाळी त्यानं एक धाडस केलं. स्वयंपाकघराच्या बोळात ती घागर ठेवत असताना तो कुजबुजला, "काय सांगायचं होतं तुला?"

"कोण आहे रे तिथं?" आतून मनुआत्या.

"मी. पाणी प्यायला आलोय."

मग त्याला पाणी प्यावं लागलं. आत्या दारात येऊन उभी राहिल्यामुळे तीन पेले प्यावे लागले.

रविवारी पहाटे नाना होडीत बसले. ते तिच्यात पूर्वी कधी बसले नव्हते. सातारच्या कोर्टात ज्यांना सगळे वचकून असत त्यांनी एवढ्या खाली कसं बसावं? गुडघे छातीशी आले. उंब्रजच्या अलीकडे वाऱ्यानं काळी टोपी उडवली. अनंतानं ती शेतातून आणून दिली तेव्हा नानांनी ती मांडीखाली घातली आणि उपरणं डोक्याला गुंडाळलं. आता ते वकील दिसेनात.

कऱ्हाड मागं पडलं आणि नाना एकाएकी म्हणाले, "अनंता, मला कोर्टाचा कंटाळा येतो रे."

अनंताला वाटलं, वाऱ्यामुळं नीट ऐकू आलं नाही. "आज सुट्टीच आहे, नाना."

"आज म्हणत नाही मी. वीस वर्षं येतोय. उलटतपासणीला उभा राहिलो की वाटतं, हा साक्षीदार बिचारा खोटं बोलतोय, बोलू द्यावं. कोणाचं काय जातंय! मला खरं तर..." ते थांबले. समोर इस्लामपूरचा बाजार लागला होता, अनंत हॉर्न वाजवत होता. मग आष्टा आलं, मग सांगलीचा आयर्विन पूल आला आणि नानांनी उपरणं सोडून टोपी घातली. त्यांना खरं तर काय, ते राहिलं.

अनंताला आता दोन माणसांची अर्धी वाक्यं सांभाळायची होती.

आप्पासोंची हळदीची मोठी अडत होती. माणसं, भिंती, तराजू सगळं पिवळं, आणि मधोमध ती काळी गाडी, देवळातल्या हत्तीसारखी.

"आवं वकीलसायब, ही गाडी न्हाई, घर हाय घर!" आप्पासो म्हणाले. "मिरजेपतूर एक चक्कर मारू. बसा म्होरं."

नाना पुढं बसले. अनंत मागं बसला. आप्पासोंचा मुलगा होडीत बसून मागं मागं येतो म्हणाला; अनंतानं किल्ली देताना हात जरा उशिरा सोडला.

गाडीचा आवाजच येत नव्हता. चाक फिरायच्या आत आप्पासोंचे मेव्हणे आले. त्यांना मिरजेला दात काढायचा होता. मागोमाग हरणाबाई नावाची एक म्हातारी डोळ्याला हिरवी पट्टी लावून आली. ती कोणाचीच कोणी नव्हती, पण तिला मिरजेच्या दवाखान्यात जायचं होतं आणि गाडीत जागा दिसत होती.

"मालक, मी बसू का?"

"बस की! जागा हाय म्हनून तर गाडी."

विश्रामबागेपाशी एकजण तंबोऱ्याचा भोपळा घेऊन उभा होता. भोपळ्याला धक्का लागू नये म्हणून त्याला पुढची जागा द्यावी असं ठरलं, आणि नाना मागं आले. आता त्यांच्या एका बाजूला हरणाबाई होती, दुसऱ्या बाजूला मेव्हणे, मांडीवर मेव्हण्यांची पिशवी. पुढं अजून दोघं चढले. गाडीनं कुरकुर केली नाही. हाच तर तिचा गुण होता.

"अनंता," नाना मध्येच म्हणाले, "मघाशी मी सांगत होतो ते..."

"काय वो बाबा?" हरणाबाईनं विचारलं.

"तुम्हाला नाही."

"मग कुनाला?"

"काही नाही."

"सांगा की. मिरज यायला वेळ हाय अजून."

गाडीतले सगळे नानांकडे बघू लागले. नानांनी खिडकीबाहेर बघितलं. मिरजेला सगळे उतरले तेव्हा नानांनी घसा साफ केला. तेवढ्यात सांगलीला जाणारे पाचजण चढले.

अडतीवर परतल्यावर आप्पासोंनी हसत हात चोळले. "काय मग? नारळ फोडू?"

"बघू," नाना म्हणाले.

"गाडी पसंत न्हाई व्हय?"

"गाडी उत्तम आहे, आप्पासो. फक्त तिच्यात बोलता येत नाही."

"बोलता येत न्हाई? आवं, अख्खा रस्ता धा मानसं बोलत हुती की!"

"तेच म्हणतो मी," नाना म्हणाले आणि जाऊन होडीत बसले. आप्पासोंचा मुलगा अजून आतच होता. त्याला उतरावं लागलं.

परतीच्या वाटेवर नानांनी उपरणं बांधलं आणि पेठ नाक्यापासून साताऱ्यापर्यंत त्यांचं बोलणं थांबलं नाही. त्यांना शाळामास्तर व्हायचं होतं. भूगोल शिकवायचा होता. वडिलांनी वकिलीला घातलं आणि वडिलांना कोण सांगणार? अनंत हूं हूं करत होता. घरी पोचल्यावर पाय धुताना नानांनी सगळ्यांना ऐकवलं, "मोठी मोटार घ्यायची नाही. आहेत त्या दोन ठीक आहेत."

अनंताचा जीव भांड्यात पडला आणि तो पाय पुसेपर्यंत तिथं राहिला.

"आणि अनंता, पुढच्या रविवारी पाच वाजता तयार राहा. माझं अर्धं राहिलंय."

पुढच्या रविवारी नाना आले. त्याच्या पुढच्याही. माहुलीच्या पुलावरून जाताना ते नद्यांच्या उगमाबद्दल बोलत आणि अनंताला वाटे, इथंच, अगदी या कठड्यापाशी ती म्हणाली होती. निघताना प्रमोदिनी दारात असे. तिचा चेहरा त्याला दिवसेंदिवस जास्त फिका वाटत होता. आता तर ती भिंतीशीही कमी बोलायला लागली होती. दुखणंच असलं पाहिजे. आणि तो इकडे वडिलांकडून कृष्णेचं खोरं ऐकत फिरत होता.

सांगलीहून आल्यावरच्या तिसऱ्या शनिवारी पानावर बसल्या बसल्या नाना म्हणाले, "उद्या पाच वाजता, अनंता."

प्रमोदिनी आमटी वाढत होती. ती थांबली.

"अहो," ती म्हणाली.

भिंतीला नव्हे. अनंताला. घरात, दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या देखत. मनुआत्याला कान टवकारायची गरज उरली नाही, त्यामुळे ती गोंधळून गेली.

"पुलाजवळ सांगायचं राहिलं होतं ते सांगते," प्रमोदिनी म्हणाली आणि तिनं आमटीचं भांडं खाली ठेवलं. "आता वाट बघून कंटाळले. मला मोटार चालवायला शिकायचंय."

कंबर, वाईचा भाऊ, वेगळं बिऱ्हाड, सगळं चार आठवडे सांभाळलेलं अनंताच्या हातातून एकदम सुटलं. त्याला हलकं वाटायला हवं होतं, पण सवय मोडली होती.

नानांनी विचारलं, "कोणती?"

"लहान, मामंजी. मोठी आली असती तर मी विचारलंच नसतं."

नानांनी लोणच्याची फोड पानात या कडेहून त्या कडेला नेली. कोर्टात ते इतका वेळ घेत नसत.

"मग मी कुठं बसू?"

"रविवार तुमचाच. आम्ही रोज सकाळी जाऊ. सहा वाजता."

नानांनी ओठ उघडले. ते 'बघू' म्हणणार हे सगळ्यांना दिसत होतं. तेवढ्यात चुलीपाशी बसलेल्या लक्ष्मीबाई, म्हणजे अनंताची आई, पोळी उलटत म्हणाल्या, "बघू काय त्यात? शिकू दे तिला. आणि उद्याचा रविवार मला हवाय. मला अनंताला एक सांगायचंय."

नानांचा आणि अनंताचा घास एकदमच थांबला. कोणाबद्दल, हे विचारायचं धैर्य दोघांनाही झालं नाही.

सोमवारी सहा वाजता गोडोलीच्या माळावर प्रमोदिनीनं पदर खोचला आणि चाक धरलं. अनंत पहिल्यांदाच डाव्या बाजूला बसला होता. तिथून जग फार जवळ दिसत होतं. चार आठवड्यांचं बोलणं त्याच्या पोटात साठलं होतं. शिवाय काल आईनं सांगितलेलंही.

"खरं सांगू? मला वाटलं होतं, तू आजारी आहेस. रात्र रात्र..."

"अहो, आता बोलू नका हो," प्रमोदिनी समोर डोळे लावून म्हणाली. "मी क्लच दाबलाय."

अनंतानं दाराची कड धरली. गाडीनं एक उडी मारली, मग दुसरी, आणि मग ती सरळ चालू लागली. माळावर दूर कोणाचा तरी शेळ्यांचा कळप चरत होता. गाडी शेळ्यांच्या दिशेनं निघाली होती. हे आत्ता सांगावं की रविवारची वाट बघावी, याचा तो विचार करू लागला.